देवीचा उजवा

दिवा,
१७ डिसेंबर

चि. कल्पितास,
राघोमामाचा आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. मामाकडे फोन असताना हा कागदाचा खटाटोप कशाला, असं म्हणशील. गेल्या महिन्यात कमलेश त्याच्या एका मित्राशी फोनवर पाण्यावरून दोन शब्द वाकडे बोलला. दुसऱ्या दिवशी ते बोलणं जसंच्या तसं गावाच्या ग्रुपवर. तेव्हापासून आमच्या घरात फोनवर 'जेवलास का' आणि 'निघालो' एवढंच बोलतात. रंगूबाई रोज भाजीची पाटी घेऊन नौपाड्यात येते, तुझ्या लॅबच्या कोपऱ्यावरच बसते. तिच्या हाती हे पाठवतोय. तिला वाचता येत नाही, ते आपल्या पथ्यावरच.

आधी गोड बातमी. आपल्या कमलेशच्या ऋतिकाचं जमलं. मुलगा मोहने गावचा. मी तिथे कंपनीत होतो तेव्हा ज्यांच्या शेजारी राहायचो, त्यांचाच नातू. हळद ४ फेब्रुवारीला, लग्न ५ ला. कमलेशला सख्खी बहीण नाही, माझ्या घरात वाढलेली तूच. तेव्हा पहिली हळद आत्याच्या, म्हणजे तुझ्या हातची. ऋतिका आत्तापासून म्हणते, आत्या आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही.

आता दुसरं. महापालिकेची निवडणूक लागली आणि आपल्या प्रितमला तिकीट मिळालं. पोरगा गावातला, वाईट नाही. पण त्याच्या पक्षाला गावात आता पक्षाच्या नावाने कोणी ओळखत नाही. सगळे 'देवीचा पक्ष' म्हणतात. गावदेवीच्या देवळावरच्या लाल पताका जाऊन त्यांच्या रंगाच्या लागल्या, मला कोणी विचारलंसुद्धा नाही. बॅनरवर देवी जेवढी, तेवढाच प्रितम. आणि नेमका आमचा शहाणा कमलेश त्या पाण्याच्या मोर्चात दुसऱ्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून उभा राहिला. नळाला आठ दिवस पाणी नव्हतं, त्याचं काय चुकलं म्हणा. पण फोटो फिरला आणि लोक विचारू लागले, पुजाऱ्याचा पोरगा देवीच्या विरुद्ध गेला का.

रविवारी प्रितम चार जणांना घेऊन घरी आला. फार अदबीने बोलला. चहा घेतला, कप स्वतः आत नेऊन ठेवला. म्हणाला, पुढच्या मंगळवारी देवीला कौल लावा, गावाने माझ्यामागे उभं राहावं का ते तिलाच विचारा. मी म्हटलं, आजवर आजारपणाला लावला, बोअर कुठे मारायची त्याला लावला, मतासाठी कधी लावला नाही. तो हसला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "काका, टेन्शन नका घेव. ऋतिकाच्या हळदीला गाव तर येनारच ना?"

एवढंच म्हणाला. मी घाबरलेलो नाही. पण तेव्हापासून ते वाक्य कानातून जात नाही.

जावईबापू सुदेशला महापालिकेच्या रस्त्यावरच्या दिव्यांचं कंत्राट मिळालं ते ऐकून बरं वाटलं. त्याला आशीर्वाद.

तुझा मामा,
राघो


नौपाडा, ठाणे,
२० डिसेंबर

ती. मामास,
शिरसाष्टांग नमस्कार.

रंगूमावशीने पत्र मेथीच्या जुडीत खुपसून दिलं. वर म्हणाली, "मामानं सांगलंय, कोनाला दाखवू नको." आता सगळ्या लॅबला वाटतंय मला कोणाचं तरी प्रेमपत्र आलंय. या वयात तेवढीच मजा.

ऋतिकाचं ऐकून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मांडीवर खेळलेली पोर. पहिली हळद मीच लावणार, गाव येवो न येवो. हे लिहून देते, सही करून देते, हवं तर शिक्का मारते.

आता प्रितमचं. मामा, तू त्याला सरळ नाही का म्हणत नाहीस? देवीचं नाव मतदारयादीत नाही. आमच्याकडे रक्त तपासायला येतं तेव्हा नळीवर पक्षाचं नाव नसतं, आणि रिपोर्ट काय यावा ते पेशंट ठरवत नाही. तुला आठवतंय, लहानपणी तगरीची फुलं ओली करून मीच तुझ्या हातात द्यायचे. तू ती देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायचास आणि आपण श्वास रोखून बघायचो कुठलं आधी पडतं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मला तेव्हाही कळायचं की पाणी कमी लागलं ते आधी पडतं. रागावू नकोस. एवढंच म्हणते की त्या फुलांवर निवडणूक लढवायची नसते.

आणि हळदीला गाव येऊ द्यायचं नाही म्हणजे वाळीत टाकणं झालं. त्याविरुद्ध कायदा आहे. तू एकदा ठामपणे बोल, बघ कसे गप्प बसतात. अशी माणसं आपल्या भीतीवरच जगतात. मी आहे ना तुझ्या पाठीशी. सुदेश म्हणतो, सांभाळून राहा म्हणावं. पण तो काय, रस्ता ओलांडतानाही तेच म्हणतो.

तुझी,
कल्पिता


दिवा,
२५ डिसेंबर

चि. कल्पितास,
आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी कौल लावला. उजवा पडला.

सगळं नीट पार पडलं. ढोल वाजले, गुलाल उडाला, प्रितम पाया पडला. कमलेशला त्याने सगळ्यांदेखत मिठी मारली. कमलेशने ते दुसरं उपरणं मोर्चातल्या एका पोराला परत देऊन टाकलं. आता १३ जानेवारीला घरटी एका माणसाने देवीच्या नारळावर हात ठेवून प्रितमला शब्द द्यायचा, असं ठरलं आहे. मतदान त्यानंतर दोन दिवसांनी.

हळदीचं नक्की झालं. बायजाने हळदीची गाणी, आपला धवला, गायला यायचं कबूल केलं. धवलारणी आता उरल्यात किती, आणि तिच्यासारखा आवाज कोणाचा नाही. मांडववाल्याला सुपारी दिली.

जेवण जात नाही दोन दिवस. थंडीचं असेल.

मामा


नौपाडा,
१ जानेवारी

ती. मामास,
नमस्कार.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा नंतर. आधी हे.

तुमच्या कौलाचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. 'साक्षात देवीचा आदेश' असं वर लिहिलेलं. मी तो पंचवीस वेळा पाहिला असेल. मामा, फूल डावीकडचं पडलं. स्पष्ट दिसतंय. डावीकडचं पडलं आणि तू हात वर करून 'उजवा' म्हणालास.

मला तुझा राग येत नाही, खरंच सांगते, रडू येतं. ज्या माणसाने एकदा माझ्या बापाच्या आजारपणात डावा कौल लपवला नाही, ज्याने माझ्या आईला समोर बसवून खरं सांगितलं, त्याच्यावर ही वेळ आली. घाबरलास म्हणून खोटं बोललास ना? मग पहिल्या पत्रात 'मी घाबरलेलो नाही' असं कशाला लिहिलंस?

माझ्याने गप्प बसवलं नाही. सुदेशला बोलले. लॅबमध्ये रचना आहे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तिलाही बोलले की माझ्या मामाला धाक दाखवून कौल फिरवायला लावला. ती दिव्याचीच आहे, स्टेशनजवळ राहते. लोकांना कळलंच पाहिजे.

कल्पिता


दिवा,
५ जानेवारी

कल्पिता,

तू कधी विसरलीस? चौथीपर्यंत माझ्या घरात होतीस. देवळात रोज यायचीस.

देवी आपल्याकडे तोंड करून बसते, पोरी. तिचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो. कौल देवीच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या बाजूने नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. नौपाड्यात राहून तू देवीकडे आरशात बघितल्यासारखी बघायला लागलीस. आणि तेवढ्यावर मामाला खोटारडा ठरवून मोकळी झालीस, तेही गावातल्याच पोरीसमोर.

रचनाने तिच्या नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने नाक्यावर. शनिवारी कमलेशची गाडी तिघांनी अडवली. मारलं नाही. फक्त विचारलं, "तुझी भैन ठान्यात काय बोलत फिरते रे?" चावी काढून घेतली आणि अर्ध्या तासाने परत दिली. तो अर्धा तास पोरगा रस्त्यात उभा होता आणि ओळखीची माणसं बाजूने जात होती, कोणी थांबलं नाही. घरी आला तो सरळ आत गेला. त्याने मला काही सांगितलं नाही, ऋतिकाला सांगितलं. संध्याकाळी मांडववाल्याचा फोन आला, चार तारखेला मांडव शिल्लक नाही म्हणाला. सुपारी परत पाठवली.

पाण्यात राहून माशाशी वैर मला नको. तू रचनाला सांग की तुझी चूक झाली, तुला उजवं-डावं कळत नाही. चार लोकांसमोर सांग. ऋतिकाच्या हळदीसाठी एवढं कर.

मामा


नौपाडा,
८ जानेवारी

ती. मामा,

चुकले. पत्र वाचून तशीच लॅबमध्ये गेले. रचनाला सगळ्यांसमोर सांगितलं की मी मूर्ख आहे, देवीचा उजवा म्हणजे आपला डावा, हे मला आठवलं नाही. ती म्हणाली, "हो ना ताई, मला पण तेच वाटलेलं, पण तुम्ही शिकलेल्या." तिने नवऱ्याला लगेच फोन लावला. आता ते थंड होईल. कमलेशला म्हणावं, बहिणीला माफ कर.

पण मामा, आणखी एक सांगायचं आहे. हे फक्त तुला. रंगूमावशीलाही म्हटलंय, मध्ये कुठे थांबू नको.

रचनाला समजावताना मी व्हिडिओ पुन्हा लावला. आमच्या धंद्यात एक सवय असते. नमुना हातात आला की आधी त्याच्यावरचं नाव वाचायचं, रिपोर्ट मागाहून. मी इतके दिवस फक्त फूल बघत होते. त्या दिवशी नाव वाचलं. गाभाऱ्याच्या भिंतीवर 'गावदेवी माता प्रसन्न' असं लिहिलंय ना तांबड्या रंगात? व्हिडिओत ती अक्षरं उलटी आहेत. आरशात दिसतात तशी. कोपऱ्यात प्रितमच्या एका कार्यकर्त्याचा अर्धा चेहरा दिसतो. त्याने देवीकडे पाठ करून, आपण स्वतःचा फोटो काढतो तसा मोबाईल धरला होता, आपणही दिसावं म्हणून. तसा काढला की काही मोबाईलमध्ये सगळं उलटं येतं. उजवीकडचं डावीकडे.

म्हणजे व्हिडिओत आपल्या डावीकडे पडलेलं फूल खरं तर आपल्या उजवीकडे पडलं. देवीच्या डावीकडे.

मी चुकीच्या हिशेबाने खरं बोलले होते, मामा. कौल डावाच होता. आणि गाभाऱ्यात तू एकटा समोर होतास. तुला तेव्हाच माहीत होतं. मला 'तू कधी विसरलीस' असं लिहिताना तुला माहीत होतं.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, सुदेशलाही नाही. पण तू सांग. तेरा तारखेला लोक नारळावर हात ठेवण्याआधी सांग. देवीवरचा तुझा विश्वास मला पटत नसेल, पण तो तुझा आहे. तो मोडून तू जगू शकणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. मी तुझ्यामागे उभी आहे. हळदीला दोन दिवस आधी येते, बघू कोण काय करतं.

तुझी,
कल्पिता


दिवा,
११ जानेवारी

चि. कल्पितास,
आशीर्वाद.

डावा होता.

फूल लावलं, प्रश्न विचारला, आणि तो पुरता तोंडातून निघायच्या आत डावं फूल सुटून माझ्या हातावर पडलं. एवढ्या लवकर कधी पडत नाही. बाहेर ढोलवाले हात उगारून थांबले होते. दारात तो मोबाईलवाला, त्याचं तोंड लोकांकडे. मला ऋतिकाचा रिकामा मांडव दिसला, आणि माझ्या तोंडातून 'उजवा' गेलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तुला वाटतं मी प्रितमला घाबरलो. त्याला घाबरलो ते एक क्षण. त्यानंतर जिला घाबरतोय ती वेगळी. तिसऱ्या दिवशी ऋतिकाला ताप भरला. तू म्हणशील हवा बदलली. मलाही तसंच वाटायला हवं. पण मी तिच्या कपाळावर हात ठेवतो आणि मला वाटतं, हे माझ्यामुळे. पूजेला बसतो तेव्हा देवीच्या डोळ्यांकडे बघत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पायांकडे बघून पूजा करतोय. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर पोरीची हळद जाते, नाही सांगितलं तर पोरच जाईल की काय असं वाटतं.

घरात कोणाला माहीत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मात्र हलकं वाटलं. एका तरी माणसाला कळलं. परवा तू म्हणतेस तसं करतो. सगळ्यांसमोर सांगतो. लोक देवीचे आहेत, माझ्यावर रागावतील, पण तिचं ऐकतील. ते नाही म्हटलं तरी तिचीच लेकरं.

तू हळदीला ये म्हणजे झालं. बाकी कोणी नाही आलं तरी मग मी निभावून नेईन.

मामा


दिवा,
१९ जानेवारी

चि. कल्पितास,
आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने येतंय, त्यावरून तू काय ते समजशील. रंगूबाई दारातूनच म्हणाली, "दादा, मना नका देव काय. माजीपन पोरां हायती." आणि माझ्याकडे न बघता पाटी उचलून गेली.

तेरा तारखेला देऊळ भरलं होतं. नारळ मांडला होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं, कौल डावा होता, मी भीतीने उजवा म्हणालो, देवीची आणि गावाची माफी मागतो. वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. प्रितमसुद्धा ओरडला नाही. जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाला, काका थकलेत, घरात पोरीचं आजारपण आहे, त्यांना कोणीतरी भरवलंय. मग कोणीतरी मोबाईल काढला आणि देवीच्या समोर तो व्हिडिओ लावला. एकाचं बघून दुसऱ्याने लावला. खरी देवी तिथे बसलेली, आणि सगळे खाली माना घालून मोबाईलमधली बघत होते.

मी म्हटलं, अरे नीट बघा, भिंतीवरची अक्षरं उलटी आहेत, सगळंच उलटं आलंय. भिंत समोरच आहे, मान वर करा आणि ताडून बघा. आपला उत्तम आठवतो ना, माझ्याबरोबर मोहन्याला कामाला होता, तुला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा? तो पुढे आला. मला वाटलं हा तरी बघेल. तो अगदी शांतपणे म्हणाला, "अक्षरां उलटी असतील, राघो. देवी कशी उलटी असंल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेकाने नारळावर हात ठेवला. उत्तमने सगळ्यांत आधी. कमलेशने ठेवला नाही. माझा हात धरून तो मला बाहेर घेऊन आला. देवळाची किल्ली माझ्या कमरेला होती, ती उंबऱ्यावर मागून घेतली.

प्रितम निवडून आला. गुलालाची गाडी आपल्या दारासमोर बराच वेळ उभी होती. दार लावून आम्ही आत बसलो होतो. आता गावात मला एकच विचारतात, तू देवीचा की त्या मोर्चावाल्यांचा? मी तिची फुलं चाळीस वर्षं लावली आणि मला हे विचारतात. मला वाटायचं ते पक्षाला देवीमुळे मानतात. त्या दिवशी कळलं की देवीला पक्षामुळे मानतात. तिने नाही म्हटलेलं त्यांना चालत नाही. हे कळल्यापासून जी भीती वाटते तिला माझ्याकडे नाव नाही.

मोहन्याची माणसं भली. लग्न मोडत नाहीत, हळद छोटी करा म्हणाले. मांडव तेच पाठवतायत. बायजा 'बघते' म्हणाली. ऋतिकाचा ताप उतरला. ती विचारते, आत्या दोन तारखेला येणार ना? मी हो म्हटलंय.

मामा


नौपाडा,
१ फेब्रुवारी

ती. मामास,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लॅबमध्ये तपासणी लागली आहे, बाहेरून माणसं येऊन सगळे कागद बघणार आहेत. त्यात सासूबाईंचा पाय मुरगळला. तुला खोटं वाटेल, पण संकटं आली की एकदम येतात.

ऋतिकासाठी हिरवी साडी आणि चांदीची जोडवी कुरियरने पाठवते आहे. साडीची घडी तिने माझ्यासमोर मोडावी असं फार मनात होतं.

तू जे केलंस त्याचा मला अभिमान आहे. खरंच. सुदेशलाही आहे, तो बोलून दाखवत नाही इतकंच. त्याच्या दिव्यांच्या कामाची एक सही अजून राहिली आहे, त्या गडबडीत असतो. मागच्या रविवारी त्याच्या कामाच्या ओळखीतले दोघे घरी आले होते. फार अदबीने बोलले. चहा घेतला. मला म्हणाले, वहिनी, तुम्ही दिव्याच्याच ना, लग्नकार्याला जाणं होत असेल. मी म्हटलं, हो, कधीतरी. विशेष काही नाही. जाताना कप आत नेऊन ठेवत होते, मीच नको म्हटलं.

मामा, या वेळी जमेल असं वाटत नाही. लग्न झालं की ऋतिकाला आणि जावयाला इकडे जेवायला बोलावते. इथे नको तर एखाद्या हॉटेलात बोलावू. पहिली हळद तू माझ्या नावाने लाव.

सध्या फोन करू नकोस. पत्रही जरा जपून.

तुझी,
कल्पिता


दिवा,
७ फेब्रुवारी

चि. कल्पितास,
मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आणि साडी, दोन्ही तीन तारखेला पोचलं. साडी ऋतिकाला छान दिसली. हळद आणि लग्न दोन्ही झालं, ती मोहन्याला सुखरूप पोचली. काळजी नसावी.

हळदीला मोहन्याची पंधरा माणसं आणि आम्ही. शेजारच्या खिडक्या दिवसभर बंद होत्या, पण पडदे हलत होते. जेवण दीडशे पानांचं केलं होतं. उरलेलं कमलेशने स्टेशनजवळ नेऊन वाटलं. बायजा आली. मागच्या दाराने आली, डोक्यावरून पदर ओढून. तिला आम्ही स्वयंपाकघरात बसवलं, दार लावलं, आणि तिने धवला म्हटला. तू तिचा आवाज ऐकला आहेस, चार घरांपलीकडे जायचा. त्या दिवशी ती कुजबुजत गात होती. कुकर लावल्यावर जरा मोठ्याने गायली, शिट्टी थांबली की पुन्हा हळू. ऋतिका तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. मी दाराबाहेर राखण करत उभा होतो, माझ्याच घरात, माझ्याच नातीच्या हळदीत.

तू आली नाहीस ते बरंच केलंस. रागाने म्हणत नाही. तुझ्या पत्रातला चहा मी ओळखला. मला चपला घालताना विचारलं होतं, तुला बसून विचारलं, एवढाच फरक. सुदेशला सांभाळ. मी तुला ठामपणे बोल असं सांगणार नाही.

तरी तुझी वाट बघितली, हे खरं. पत्र आलं होतं, तरी वाटलं, कल्पिता आहे, ऐन वेळी रिक्षातून उतरेल. ऋतिकाने तुझ्या हळदीची वाटी कोणाला उचलू दिली नाही. बारा वाजले तेव्हा माझ्याने राहवलं नाही. देवळाची किल्ली नाही, पण घरात देवीचा छोटा टाक आहे, आईच्या वेळचा. त्याच्यासमोर बसलो. दोन तांदूळ ओले करून लावले आणि विचारलं, माझी भाची येईल का.

उजवा पडला.

डोळे पुसून पुन्हा बघितलं. तिच्या बाजूने मोजलं. मोबाईल नव्हता, आरसा नव्हता, कोणाचा धाक नव्हता. देवीचा उजवाच होता. मी ऋतिकाला जाऊन सांगितलं, येतेय आत्या, आणि दोन वाजेपर्यंत तिला पाटावर बसवून ठेवलं. मग वाटीतली हळद सुकायला लागली तेव्हा मीच लावली.

गावाशी तोडलं, किल्ली सोडली, उत्तम सोडला, ते एका डाव्या कौलासाठी. आता रोज मनात येतं, कल्पिता, हा उजवा खोटा निघाला, तर तो डावा तरी तिचाच होता का? की त्या फुलाला पाणी कमी लागलं होतं?

हे मी दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही. तू उत्तर लिहू नकोस.

तुझा मामा,
राघो